वेळ कुठे द्यायचा?

परवा आई फोनवर म्हणाली, "तिकडे पण उपाशी लोक असतात का गं?" असतात. म्हणूनच म्हटलं सविस्तर लिहावं, कारण इथे इंग्लंडमध्ये मी दर गुरुवारी दुपारी फूड बँकेत, म्हणजे गरजूंना फुकट शिधा देणाऱ्या केंद्रात, कामाला जाते म्हटलं की घरचे सगळे हेच विचारतात, आणि पुढचा प्रश्न असतो की मग गावच्या शाळेसाठी का नाही करत काही.

इंग्लंडमध्ये जरा बस्तान बसलं की बऱ्याच जणांना वाटायला लागतं, आपणही कुणासाठी काहीतरी करावं. आणि इथे करण्यासारखं खूप आहे. चॅरिटी शॉप्स आहेत, म्हणजे लोकांनी दिलेल्या वस्तू विकून संस्थेसाठी पैसे उभारणारी दुकानं, समुद्राकाठी राहत असाल तर समुद्रात अडकलेल्यांना वाचवणारी लाइफबोट आहे (ती संस्था 1824 ची, बोटीवर जाणारे बहुतेक जण आपापली नोकरी सांभाळणारे व्हॉलंटियर, पेजर वाजला की हातातलं काम टाकून धावतात, मला त्यांचं फार कौतुक आहे), नाहीतर समॅरिटन्स, म्हणजे खचलेल्या माणसांना मन मोकळं करायला फोनची सोय. 1953 साली चॅड व्हारा नावाच्या लंडनच्या एका पाद्र्याने ते सुरू केलं, आज 116 123 वर रात्री तीनला फोन केला तरी कुणीतरी शांतपणे ऐकून घेतं. मला आधी तेच करायचं होतं. पण त्यात रात्रीच्याही ड्युट्या असतात आणि माझ्या नोकरीत ऑन-कॉल, म्हणजे त्यांना आज येते उद्या नाही असं झालं असतं, आणि तिथे ते चालत नाही. इथल्या आपल्या मराठी मंडळातही जातेच, पण गणपतीत एका कामाला दहा जण उभे असतात.

मग मी एवढंच बघायचं ठरवलं की आपण गेलो नाही तर कुठे अडेल. गुरुवारी दुपारी फूड बँकेच्या गोडाउनमध्ये खरंच अडत होतं, कारण त्या वेळी सगळे ऑफिसात.

काम साधं आहे. आलेलं सामान वजन करायचं, प्रत्येक डब्यावर मार्करने ठळक तारीख लिहायची, तारखेप्रमाणे क्रेटमध्ये लावायचं. बेक्ड बीन्स आणि पास्ता भरपूर येतो, टिकाऊ दूध, ज्यूस, शॅम्पू कमी पडतं. कुणीही येऊन पिशवी घेऊन जात नाही, डॉक्टर, शाळा किंवा सल्ला केंद्राकडून व्हाउचर लागतं, मग साधारण तीन दिवसांचा शिधा मिळतो. त्यात एक वेगळी पिशवी असते, ज्यांच्याकडे गॅस नाही, फक्त पाणी गरम करायची विजेची किटली आहे त्यांच्यासाठी. कपातलं सूप, इन्स्टंट नूडल्स, नुसतं गरम पाणी घातलं की होईल असं सगळं. पहिल्यांदा ती भरताना माझा हात थांबला होता, जगातल्या इतक्या श्रीमंत देशात कुणीतरी आज रात्री किटलीवर जेवणार आहे हे मला पटतच नव्हतं.

गावच्या शाळेबद्दल सांगायचं तर तिकडे पैसे पाठवतो आम्ही, आणि पाठवत राहू. पण पैसे पाठवता येतात तसा गुरुवारचा दुपारचा वेळ नाही पाठवता येत, तो इथेच द्यावा लागतो. ट्रसेल ही इथली फूड बँकांची सगळ्यात मोठी संस्था, ती 1997 मध्ये सुरू झाली तेव्हा बल्गेरियातल्या रस्त्यावरच्या मुलांसाठी काम करायची. मग सॉल्सबरीतल्या, म्हणजे त्यांच्याच गावातल्या एका आईचा फोन आला की माझी मुलं आज उपाशी झोपणार आहेत, त्यांचं काय? आणि 2000 साली संस्थापकांनी स्वतःच्या शेडमध्ये पहिली फूड बँक उघडली. मला ही गोष्ट फार जवळची वाटते.

इथे राहणाऱ्यांपैकी कुणाच्या मनात असेल तर प्लीज डिसेंबरमध्ये सुरुवात करू नका. ख्रिसमसला सगळेच येतात, डबे ठेवायला जागा नसते. फेब्रुवारीत या, नाहीतर ऑगस्टमध्ये, शाळेला सहा आठवडे सुट्टी असते, शाळेत मिळणारं फुकट जेवण बंद होतं आणि आमचे व्हॉलंटियर्स नेमके तेव्हाच फिरायला गेलेले असतात. जवळच्या फूड बँकेला फोन करून सरळ विचारा, कुठल्या वारी माणसं कमी पडतात, आणि तोच वार घ्या.