खंडेनवमीला बाहेर निघालेली हत्यारं

आज खंडेनवमी. लेथ आणि ड्रिल मशीन कालच रॉकेलनं पुसून घेतली होती. सकाळी चकला, टेलस्टॉकला झेंडूच्या माळा घातल्या, पाट मांडला आणि मागच्या कपाटाचा खालचा खण उघडला. त्या खणातली हत्यारं वर्षभर तिथंच असतात. पूजेच्या निमित्तानं सगळी बाहेर येतात, तेल लागतं, पुन्हा कागदात जातात. आबा प्रत्येक पुडीत कापराची वडी टाकायचे, मीही टाकतो.

पुतण्या हाताखाली होता. दोन वर्षं झाली तो शॉप बघतोय, हिशेबाला पक्का आहे. पाटावर टॅप-डाय, म्हणजे आटे पाडायची हत्यारं, मांडता मांडता त्यानं विचारलं, "काका, ह्यातलं गेल्या वर्षात किती वापरलं?"

आठवून सांगितलं, दोन नग. मांडले होते चाळीसच्या वर.

"मग ठेवायचं कशाला? हायस्पीडच्या भंगाराला भाव आहे."

भाव आहे हे खरंच. अशी हत्यारं ज्याची करतात त्या जुन्या हायस्पीड स्टीलमध्ये १८ टक्के टंगस्टन असायचं, म्हणून भंगारवाला ते साध्या लोखंडात टाकत नाही, वेगळं तोलतो. प्रश्न उद्धटपणाचाही नव्हता. उद्यमनगरात गाळ्याची जागा फुकट नाही, आणि त्या कपाटाच्या जागी त्याला एक रॅक हवा आहे. पूजा आटोपल्यावर, मशिनं बंदच असल्यामुळे, दुपारभर मी एकेक नग हातात घेऊन बघत बसलो.

वापरलेल्या दोन नगांतला एक म्हणजे अर्धा इंची व्हिटवर्थचा, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाच्या आट्यांचा, तिसरा टॅप, बॉटमिंगचा, भोकाच्या तळापर्यंत आटे पाडणारा. गेल्या हंगामात करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावरून चरकाचं एक बिडाचं ब्रॅकेट आलं. आंधळं भोक, म्हणजे आरपार नसलेलं, इंचाला १२ आटे. आधी कुणीतरी त्यात इंचाला १३ आट्यांचा अमेरिकन बोल्ट घातला होता. तो पहिले दोन-तीन फेरे गोडीत जातो, मग अडतो. अडल्यावर पाना लावून रेटला की बिडाचे आटे मोडतात, आणि तेच झालं होतं. एम १२, म्हणजे १२ मिलिमीटरचा मेट्रिक बोल्ट, तर त्यात ढिला बसतो आणि पिचही, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतरही, जुळत नाही. माझ्या टॅपनं तळापर्यंतचे आटे पुन्हा साफ झाले, वरचे दोन गेले ते गेलेच, पण बोल्टला पुरेशी पकड मिळाली. तिकडं ऊस तोडून पडला होता. तोडलेल्या उसाचा उतारा दिवसागणिक घटतो, गुळाचा रंगही बिघडतो. नवा टॅप मागवायला चार दिवस लागले असते.

आपल्याकडं मेट्रिकचा कायदा १९५६ चा. तरीही शेतातली, गुऱ्हाळातली इंची मशिनं अजून चालतात. ती चालताहेत तोवर त्यांचे टॅप मी विकणार नाही.

दुसरा नग १२७ दात्यांचा गिअर. आमच्या लेथचा लीडस्क्रू, म्हणजे आटे पाडताना हत्यार पुढं सरकवणारा लांब स्क्रू, इंचाला ४ आट्यांचा. त्यावर मिलिमीटरचे आटे अचूक पाडायचे तर १२७ लागतोच, कारण इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, आणि २५.४ ला पाचनं गुणलं की १२७. दोन मिलिमीटर पिचला ४० चा गिअर चालवणारा, १२७ चा चालणारा. वर्षातून एखादं काम त्याचं येतं, पण त्या दिवशी दुसरा कुठलाच गिअर त्याची जागा घेत नाही. पुतण्यानं हे गणित वहीत उतरवून घेतलं. मला फार बरं वाटलं.

सगळंच ठेवणार नाही. भोक नेमक्या मापाला आणणारे तीन हँड रीमर काढले. कुणीतरी कधीतरी बाहेरून धार लावली आणि माप गेलं. माप गेलेला रीमर ठेवून काम फसतं. टोक तुटलेले टॅप, झिजलेले डाय, दोन पावसाळ्यांत गंजून खड्डे पडलेला, भोकाचं माप तपासायचा एक प्लग गेज, हेही काढले. आबांच्या हातचे म्हणून मी ते इतकी वर्षं झाकून ठेवले होते. आज भंगारात द्यायचे नाहीत. दसरा होऊ दे.

अडकलो ते आबांच्या स्क्रेपरपाशी. जुन्या इंजिनांच्या व्हाईट मेटल बेअरिंगला, म्हणजे आतून मऊ पांढरा धातू ओतलेल्या बेअरिंगला, आबा खुणेचा निळा रंग लावून स्क्रेप करायचे. शाफ्टला निळीचा पातळ हात, बेअरिंगवर ठेवून फिरवायचा, निळे डाग उमटले की तेवढाच उंचवटा खरवडायचा, पुन्हा निळ, पुन्हा खरवड. डाग सगळीकडं सारखे येईपर्यंत उठायचं नाही. खरवडावी न लागणारी तयार शेल बेअरिंग आल्यापासून हे काम आमच्याकडं जवळजवळ संपलं. मी शेवटचं केलं त्याला सात-आठ वर्षं झाली असतील. मुठीवर आबांच्या अंगठ्याचा खळगा आहे, माझा अंगठा अजून बरोबर बसतो.

पुतण्याला मूठ धरायला दिली. त्यानं कानशीसारखी धरली. ती त्याची चूक नव्हती, त्याला कुणी दाखवलंच नव्हतं. मीच दाखवलं नव्हतं. टॅप कुणालाही चालवता येईल. पण हा स्क्रेपर मी गेल्यावर कपाटात नुसता पडून राहील.

माळ्यावर जुन्या इंजिनाचं एक अर्धं बेअरिंग आहे, ते उतरवून ठेवलं. दसऱ्यानंतर पहिल्या मोकळ्या दिवशी त्याला घेऊन बसायचं. निळीची डबी उघडून बघितली, कडक वाळली आहे. नवी आणायची.