मातीच्या हातांसाठी सेकंडहँड डीएसएलआर

ताई चाकावर मातीची भांडी घडवते. तयार भांड्यांचे फोटो मी मोबाइलवर काढत होतेच, पण तिला आणखी काही हवं होतं. "गोळा चाकाच्या मध्यावर बसतो ना, तिथपासून कड ओढेपर्यंत सगळं दिसू दे. आणि जवळून," ती म्हणाली. मोबाइल जवळ नेला की तिचं कोपर आडवं यायचं, लांब ठेवला की बोटांखालची माती नुसता तपकिरी डाग वाटायची. नवा कॅमेरा घेणं झेपणार नव्हतं. वापरलेला डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला आणि लेन्स बदलता येणारा कॅमेरा, मात्र आवाक्यात होता. २०१८ मध्ये कॅनन आणि निकॉन दोघांनीही मोठ्या सेन्सरचे (फुल फ्रेम), आरसा नसलेले मिररलेस कॅमेरे आणले, पुढे बरेच फोटोग्राफर तिकडे वळले, आणि त्यांचे धडधाकट डीएसएलआर विकायला निघाले.

सुरुवातीला मी दोनच आकडे बघत होते, मेगापिक्सेल (फोटो किती बारीक ठिपक्यांचा, म्हणजे पिक्सेलचा, बनतो) आणि शटर काउंट (शटर आजवर किती वेळा उघडलंय). पहिला कॅमेरा दोन्हींत उत्तम होता. २४ मेगापिक्सेल, शटर जेमतेम वापरलेलं, बॉडीवर ओरखडासुद्धा नाही. ताईनं सोबत आणलेल्या वाडग्याचे फोटो काढले तर झिलईवरचे बारीक तडे मोजता येतील इतके स्वच्छ आले. मी जवळजवळ हो म्हणून टाकलं होतं. तेवढ्यात ताई म्हणाली, "अगं, व्हिडिओ लावून बघ ना." तिनं वाडगा हळूहळू लेन्सकडे आणला. पडद्यावर वाडगा धूसर झाला, मग मागची भिंत स्पष्ट झाली, मग पुन्हा सगळंच धूसर. फोकस पुढे जायचा, मागे यायचा आणि वाडगा थांबला तरी दोनतीन हेलकावे घेऊनच स्थिरावायचा. कॅमेरा बिघडलेला नव्हता, त्याची रचनाच तशी होती. आम्ही आभार मानून निघालो.

घरी येऊन याचं कारण नीट समजून घेतलं, आणि माझी निवड खरी तिथून सुरू झाली. डीएसएलआरनं फोटो काढताना लेन्समधून आलेला प्रकाश आरशावर पडतो. बराचसा वर व्ह्यूफाइंडरकडे जातो, थोडा खाली बसवलेल्या फोकसच्या सेन्सरकडे. लेन्स कोणत्या बाजूला आणि किती सरकवायची हे तो सेन्सर एका झटक्यात ओळखतो. व्हिडिओसाठी मात्र आरसा वर उचलावा लागतो, म्हणजे व्ह्यूफाइंडर काळा पडतो आणि फोकसच्या सेन्सरपर्यंत प्रकाशच पोहोचत नाही. मग कॅमेऱ्याला फोटो टिपणाऱ्या मुख्य सेन्सरवरच्या चित्राकडे बघून काम भागवावं लागतं. कडा ठळक होतायत की पुसट, हे बघत तो लेन्स पुढेमागे करत चाचपडतो. आम्ही पाहिलेले हेलकावे ते हेच. एकाच डीएसएलआरमध्ये फोकसच्या दोन वेगळ्या यंत्रणा असतात. फोटोतली चांगली आहे म्हणून व्हिडिओतली चांगली असेल असं धरून चालू नये.

व्हिडिओ काढणारा पहिला डीएसएलआर निकॉनचा डी९०, २००८ सालचा. त्याच वर्षी कॅननचा ५डी मार्क २ आला आणि फुल एचडी व्हिडिओ डीएसएलआरवर शक्य झाला. पण हलत्या वस्तूवर सलग फोकस धरून ठेवणं बऱ्याच वर्षांनी जमलं. २०१३ मध्ये कॅननच्या ७०डीमध्ये ड्युअल पिक्सेल ऑटोफोकस आला. त्यात मुख्य सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल दोन भागांत विभागलेला असतो, त्यामुळे आरसा वर असतानाही लेन्स कोणीकडे सरकवायची हे थेट कळतं. जो माणूस ट्रायपॉड लावून हातानं फोकस करणार आहे, त्याला याची गरज नाही. निकॉनचा डी५३०० किंवा डी७२०० त्याच्यासाठी सुंदर कॅमेरे आहेत. पण ताईचे हात सतत हलणार आणि कॅमेऱ्यामागे प्रत्येक वेळी मी असेनच असं नाही. म्हणून माझी यादी ७०डी, ८०डी आणि २००डी एवढ्यावर आली. ८०डीला हेडफोनची जागा आहे, ती मला फार हवी होती, पण तो घेतला असता तर लेन्ससाठी काहीच उरलं नसतं. २००डी हलका आणि छान, पण माझ्या हातात त्याची पकड अपुरी पडली. ७०डीवर मन बसलं.

दुसऱ्या फेरीत ७०डी मिळाला, सोबत ५० एमएमची लेन्स. बॉडी चांगली होती. लेन्सची दोन्ही झाकणं काढून मी मागून टॉर्च मारला आणि पुढून तिरकं पाहिलं. धुळीचे चारदोन कण दिसले, त्याचं काही वाटलं नाही, जुन्या लेन्समध्ये ते असतातच आणि फोटोत उतरत नाहीत. पण कडेजवळ एक फिकट जाळी होती, कोळ्याच्या धाग्यासारखी, एका बिंदूतून फांद्या फुटलेली. "ती धूळच आहे हो, पुसली की जाईल," विक्रेते म्हणाले. मी पुसून पाहिलं, बाहेरची काच लख्ख झाली आणि जाळी जिथल्या तिथे राहिली. ती बुरशी होती, काचांच्या आत. वाढली की ती काचेवरचा लेप खाते, आणि दमट जागी ठेवली तर आणखी पसरते. मी फक्त बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, मागितली. ते तयार झाले नाहीत, मीही आग्रह धरला नाही.

तिसऱ्या वेळी तयारीनं गेले. स्वतःचं मेमरी कार्ड, टॉर्च, मैत्रिणीची चांगली लेन्स आणि छापील मजकुराचा एक कागद. पुन्हा ७०डीच, नुसती बॉडी. विकणाऱ्या बाई स्वतः फोटो काढणाऱ्या होत्या, त्यांनी मला हवा तेवढा वेळ दिला, त्याबद्दल मला त्यांचं अजून अप्रूप वाटतं. आधी ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र, एफ/२२ वर नेऊन अगदी लहान केलं, फोकस मुद्दाम बिघडवला आणि पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला. पडद्यावर मोठा करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पाहिला तर वरच्या बाजूला तीन करडे ठिपके. लहान ॲपर्चरला सेन्सरवरची धूळ अशी उठून दिसते. फुंकणीनं हवा मारून तोच फोटो परत काढला, एक ठिपका उरला. जागेवरून हलला किंवा साफ झाला तर ती धूळ, हलेचना आणि रेघेसारखा दिसला तर ओरखड्याची शंका घ्यायची. माझा तिसरा ठिपका नंतर ओल्या सफाईत निघाला.

मग झाकण लावून काही सेकंदांचा काळा फोटो काढला. त्यात लाल-निळे चमकणारे, म्हणजे बिघडलेले, पिक्सेल दिसतात का ते बघितलं. छापील कागद टेबलावर तिरका ठेवून मधल्या एका ओळीवर व्ह्यूफाइंडरमधून फोकस केला, मग लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे आरसा वर उचलून मागच्या पडद्यावर बघत. दोन्हीकडे तीच ओळ टोकदार यायला हवी. व्ह्यूफाइंडरमध्ये ती किंचित पुढे सरकत होती. ७०डीमध्ये हे मेनूतून दुरुस्त करता येतं, म्हणून मी थांबले नाही. घडी होणारा पडदा दहाबारा वेळा उघडला, फिरवला, कोणत्याही कोनात चित्र लुकलुकलं नाही. बिजागरीतून जाणारी पट्टी झिजली असेल तर ती तिथेच कळते. माइकची पिन खोचून हलवली, खरखर आली नाही.

शटर काउंटबद्दल त्या बाईंनी सांगितलेली गोष्ट मला आधी कुणी सांगितली नव्हती. निकॉनमध्ये तो आकडा फोटोच्या माहितीतच सापडतो, कॅननच्या बहुतेक कॅमेऱ्यांत केबल लावून सॉफ्टवेअरनं काढावा लागतो. ७०डीचं शटर साधारण १,००,००० फोटोंसाठी बनवलेलं, आणि हा त्याच्या तिसऱ्या हिश्शापर्यंतच चाललेला. पण व्हिडिओत प्रत्येक फ्रेमसाठी यांत्रिक शटर उघडत-मिटत नाही. तासन् तास शूटिंग केलेल्या कॅमेऱ्याचा आकडासुद्धा लहानच दिसेल. "म्हणून पंधरा मिनिटं सलग रेकॉर्ड करून बघा," त्या म्हणाल्या. आम्ही गप्पा मारत तेच केलं. कॅमेरा कोमट झाला, बंद पडला नाही. बॅटरी मात्र भराभर उतरली, त्यामुळे ती बदलण्याचा खर्च आम्ही किमतीतून वजा धरला.

उरलेल्या पैशांत कॅननची २४ एमएम एफ/२.८ पॅनकेक (चपटी, छोटी) लेन्स घेतली, तीही वापरलेली, टॉर्च मारून पाहूनच. तिचा मोटर हळू आवाजाचा आहे आणि ती १६ सेंटीमीटरपर्यंत जवळ फोकस करते. ७०डीच्या लहान सेन्सरवर ५० एमएम लेन्स ८० एमएमसारखी वागते, म्हणजे चित्र जास्त जवळचं दिसतं, आणि ताईच्या छोट्या खोलीत कॅमेरा मागे न्यायला जागाच उरली नसती. महाग बॉडी आणि साधी लेन्स घ्यावी असं सुचवणाऱ्यांशी मी या बाबतीत ठामपणे असहमत आहे.

पहिल्या दिवशी ट्रायपॉड चाकाच्या डाव्या अंगाला, जवळजवळ जमिनीलगत लावला. सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५०, आणि पडद्यावर बोट टेकवून फोकस ताईच्या अंगठ्यावर. तिनं गोळा दाबला, वर ओढला, खाली बसवला. फोकस अंगठ्याबरोबर गेला. कड ओढताना नखाजवळून पाणी मातीत मुरतं ते दिसत होतं. एक गोष्ट खटकली. तिच्या एप्रनच्या बारीक रेघा व्हिडिओत इंद्रधनुषी होऊन लहरत होत्या, त्या काळच्या पुष्कळ डीएसएलआरच्या व्हिडिओत असं होतं. दुसऱ्या दिवसापासून ताई साधा, एकरंगी एप्रन घालते.

७०डीला हेडफोनची जागा नाही, याची किंमत तिसऱ्या आठवड्यात मोजली. माइकला स्वतःचं बटण असतं. भट्टी उघडतानाची सबंध क्लिप मी ते बटण न दाबताच, म्हणजे माइकच्या आवाजाशिवाय, घेतली. गरम भांडी थंड हवेत आल्यावर झिलई तडकते तेव्हा बारीक किणकिण होते, ताईला तीच हवी होती. आता प्रत्येक क्लिपच्या सुरुवातीला ताई एकदा टाळी वाजवते, आणि पडद्यावरची आवाजाची पट्टी हलली की मगच मी "चालू" म्हणते. पुढची भट्टी रविवारी उघडणार आहे.