जपानी ब्लॅक टी: तुरट लागत नाही म्हणून पत्ती वाढवू नका

जपानी ब्लॅक टी पहिल्यांदा पिणाऱ्याचा हात हमखास पुन्हा डब्याकडे जातो. रंग सुरेख, वास गोडसर, पण चहा जिभेला ‘लागत’ नाही. मग आणखी एक चमचा पत्ती पडते किंवा किटली आठ-दहा मिनिटं तशीच झाकून राहते, आणि होता तो गोडवाही हरवतो. हा चहा मुळातच मवाळ आहे. त्याला कडक करायच्या नादात त्याची मजा जाते.

जपानीत ब्लॅक टीला ‘कोच्या’ म्हणजे लाल चहा म्हणतात. देशातच पिकवून तयार केलेला तो ‘वाकोच्या’. (उच्चार थेट आपल्या ‘च्या’सारखा.) मवाळपणाचं कारण झुडपात आहे. तिथली बहुतेक लागवड बारीक पानाच्या चिनी जातीची, तीही ग्रीन टीसाठी निवडलेली. सर्वात जास्त दिसणारा वाण ‘याबुकिता’. आसामच्या रुंद पानाच्या मानाने या पानात कॅटेचिन, म्हणजे चहाच्या पानातली तुरट द्रव्यं, कमी. ब्लॅक टी करताना त्याच कॅटेचिनचं ऑक्सिडेशन होऊन रंग आणि तुरटपणा येतो. मूळ मालच कमी, मग कपात जोर कुठून येणार?

खास ब्लॅक टीसाठीचे वाणही आहेत. एकोणिसाव्या शतकात जपानच्या मेजी सरकारने ताडा मोतोकिची या माजी सामुराईला चहा शिकायला चीन आणि भारतात धाडलं. 1877 मध्ये तो परतला. त्याने आणलेलं बियाणं शिझुओकातल्या मारिको इथे रुजलं. त्या वंशातून निवडलेला ‘बेनिहोमारे’ 1953 साली ‘चहा नोरिन 1’ म्हणून नोंदला गेला. 1971 मध्ये ब्लॅक टीची आयात खुली झाली आणि स्वस्त परदेशी चहापुढे हा धंदा जवळजवळ बसलाच. पुढे बेनिहोमारे आणि दार्जिलिंगच्या वंशातलं एक झाड यांच्या संकरातून ‘बेनिफुकी’ आला, नोंदणी 1993 ची. ‘बेनि’ म्हणजे लालभडक रंग. पाकिटावर वाणाचं नाव ‘बेनि’ने सुरू झालं, की आत जरा दमदार चहा आहे असं समजायचं. नावात ‘बेनि’ नसलेले ‘इझुमी’सारखे अपवाद आहेत, पण खूण कामाची आहे.

बेनिफुकी परागकणांच्या ॲलर्जीसाठी घेतात असं ऐकलं असेल, तर ते त्याच्या ग्रीन टीबद्दल. त्यातलं मिथाइल कॅटेचिन ब्लॅक टी बनताना टिकत नाही. औषध म्हणून हे पाकीट घेऊ नका.

आता करायचा कसा. दोन कपांसाठी 350 मिली पाणी, 5 ग्रॅम पत्ती. चमच्याने मोजू नका, वजन करा: लांब, पिळदार पत्तीचा शीग भरलेला चमचा दोन ग्रॅमही भरत नाही, तर बारीक तुकड्यांचा सहज तीन भरतो. किटली आधी गरम पाण्याने विसळून घ्या. थंड चिनी मातीत पाणी ओतलं की तापमान लगेच उतरतं आणि वास मोकळा होत नाही. पाणी खळखळ उकळलं की लगेच ओता, झाकण लावा. याबुकिताला 4 मिनिटं, बेनिफुकीला 3. तुकडा पत्ती असेल तर दोन्हीतून एक मिनिट कमी. मग शेवटच्या थेंबापर्यंत गाळून घ्या. पत्तीवर उरलेलं पाणी पुढचा कप कडवट करतं.

ग्रीन टीच्या सवयीने 70-80 अंशांचं पाणी घेणारे बरेच असतात. त्याने रंग येतो, वास येत नाही. पहिल्या तोडणीचा कोवळा चहा असेल तर फार तर 90 पर्यंत खाली या.

एवढं करूनही चहा काळपट, मातकट झाला आणि वर तवंग आला, तर दोष पाण्याचा. जड पाण्यातलं कॅल्शियम हे करतं. जपानातलं पाणी बहुतांशी हलकं आहे, आणि हा चहा त्याच पाण्यावर बेतलेला आहे. कपाला हिरव्या गवताचा वास आला तर चूक पत्ती तयार करणाऱ्याची: पान पुरेसं कोमेजू दिलेलं नाही. मळण्याआधी पानाचं वजन साधारण तिसऱ्या हिश्शाने उतरावं लागतं. पण दुसरी तोडणी जून-जुलैत, म्हणजे ऐन ‘त्सुयु’च्या पावसात येते, आणि ओलसर हवेत पान सुकता सुकत नाही.

तरी पर्याय असेल तेव्हा मी दुसरी तोडणीच निवडेन. उन्हाळी पानात कॅटेचिन जास्त असल्याने चहाला अंग येतं. शिवाय याच दिवसांत तुडतुडे पानांचा रस शोषतात, आणि त्यावर पान जी सुगंधी द्रव्यं तयार करतं त्यांतून मधासारखा वास येतो. तुडतुड्यांनी खाल्लेल्या पानाचा चहा म्हणून तो मुद्दाम वेगळा विकलाही जातो.

दूध याबुकिताला झेपत नाही, सगळी चव बुडते. दुसऱ्या तोडणीच्या बेनिफुकीत थोडं चालतं. तेव्हा पत्ती 6 ग्रॅम, 4 मिनिटं. बर्फाचा चहा करायचा तर दुप्पट दाट करून तो गरम असतानाच भरपूर बर्फावर ओता. हळूहळू थंड झाला तर कॅफिन आणि टॅनिन एकत्र येऊन चहा गढूळ होतो. प्यायला हरकत नाही, दिसतो मात्र वाईट. त्यापेक्षा सोपं म्हणजे एक लिटर थंड पाण्यात 10 ग्रॅम पत्ती, फ्रीजमध्ये रात्रभर. गढूळपणा नाही, तुरटपणा त्याहून नाही.

सोबत योकान, म्हणजे लाल चवळीसारख्या अझुकीची गोड वडी. कडक चहा तिची चव मारतो, हा मारत नाही.