या आठवड्यात रात्रीची लाईट

काल संध्याकाळी गावच्या ग्रुपवर मेसेज पडला, सोमवारपासून शेतातल्या मोटारींची थ्री फेज लाईट रात्रीची. म्हणजे रात्री दहाला येणार ती सकाळपर्यंत. ज्याच्या घरात शेती नाही त्याला यात काय विशेष वाटणार नाही, पण आमच्याकडं जुन्नर भागात कांद्याची लागण झालेली असते, कोवळ्या रोपाला पाणी चुकवून चालत नाही, मग घरातला कोणीतरी बॅटरी घेऊन दारं धरायला, म्हणजे वाफ्यांना पाणी द्यायला निघतोच. मागच्या वर्षी दिवाळीच्या आधी असंच झालं आणि माझा चुलत भाऊ साप चावून जाता जाता वाचला, म्हणून हे लिहितोय. सविस्तर लिहितो, कारण त्या रात्री आम्हाला यातलं निम्मंसुद्धा माहीत नव्हतं.

झालं असं की एक वाफा भरायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, तेवढ्यात तो मोटारीच्या खोलीत पोतं टाकून आडवा झाला. सगळेच होतात. मध्येच दंडाला काहीतरी चावल्यासारखं वाटलं, त्यानं बॅटरी मारून बघितलं तर काही दिसलं नाही, मुंगळा असेल म्हणून दंड चोळला आणि परत दारं मोडायला गेला. सूज नाही, आग नाही, रक्त नाही. पहाटे चारला घरी आला आणि काकूला म्हणाला पोटात लई दुखतंय. काकूनं ओवा दिला. साडेपाचला त्याच्या पापण्या उघडेनात, बोलताना जीभ जड झाली, थुंकी गिळता येईना, तेव्हा शेजारचे अण्णा आले आणि बघताक्षणी म्हणाले, ह्याला मण्यार चावलीय, गाडी काढा.

मण्यारीचं हेच आहे बघा. काळी, अंगावर पांढरे बारीक पट्टे, रात्रीच फिरते, आणि चावल्याचं धड कळतसुद्धा नाही. दाताची खूणही बऱ्याचदा सापडत नाही. विष नसांवर जातं, आधी पोटदुखी, मग पापण्या पडतात, मग गिळणं बंद आणि शेवटी श्वास. घोणस चावली तर लगेच कळतं, प्रचंड दुखतं, पाय सुजत जातो, रक्त गोठायचं थांबतं, किडनीवर जातं. म्हणून आपल्याकडं लोक सूज दिसली की पळतात आणि सूज नसली की बिनधास्त राहतात. कृपा करून तसं करू नका. रात्री शेतात जमिनीवर पडलेल्या माणसाच्या पोटात पहाटे विनाकारण दुखायला लागलं आणि डोळे जड झाले तर साप दिसो न दिसो, दवाखाना गाठा.

आम्ही आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात नेला, तिथं सापाची लस होती, दहा बाटल्या सलाईनमधून दिल्या आणि लगेच पुढं पाठवलं कारण श्वास कमी पडत होता. पुढं तीन दिवस व्हेंटिलेटरवर होता. चौथ्या दिवशी डोळे उघडले तेव्हा काकू तिथंच खाली बसून रडली, आम्हालाही आवरेना. डॉक्टर म्हणाले अजून तासभर घरी ठेवला असता तर काही खरं नव्हतं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही विषारी सापांवर आपल्याकडं एकच लस चालते, त्यामुळं साप शोधत बसायची, मारून पिशवीत घालून न्यायची काही गरज नसते, त्यात वेळ जातो आणि दुसराच कोणीतरी चावून घेतो. दोरी आवळून बांधू नका, ब्लेड मारू नका, तोंडानं ओढू नका. हातातली अंगठी, कडं, पायातलं पैंजण काढा कारण सूज आली की ते रुततं. चावलेला हात-पाय हलू न देता, काठी लावून सैलसर बांधून, माणसाला चालत न नेता गाडीत न्या. 108 ला फोन करा, पण रस्त्यावर स्वतःची गाडी उभी असेल तर वाट बघत थांबू नका. आणि निघतानाच एकानं फोन करून विचारायचं, लस आहे का, आणि श्वासाची मशीन जवळ कुठं आहे. आमचा सगळ्यात जास्त वेळ या शोधाशोधीत गेला.

देवर्षीकडं, म्हणजे मंत्रानं विष उतरवणाऱ्याकडं नेणारे अजून आहेत. चावलेल्या बऱ्याच सापांना विष नसतं, कधी विषारी सापही विष न सोडता चावतो, त्यामुळं तिथला माणूस बरा होतो आणि नाव मंत्राचं होतं. 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं सुमारे 12 लाख माणसं गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे, त्यातली बरीचशी खेड्यातली, आपल्यासारखी. हा आकडा वाचला तेव्हा मला माझ्या भावाचा नळ्या लावलेला चेहराच दिसत होता.

त्यानंतर घरात काही गोष्टी आम्ही ठरवूनच टाकल्या. मोटारीच्या खोलीत एक बाज ठेवली, कोणीही खाली पोत्यावर पडायचं नाही. खोलीतले रिकामे बारदान, तुटके पाईप, विटा बाहेर काढल्या, कारण तिथंच उंदीर आणि उंदरामागं साप. गुडघ्याच्या खालपर्यंत येणारे गमबूट आणले. चिखलात जड होतात, घाम येतो, भाऊ पहिल्या दिवशी कुरकुरला, पण आता घालतो. डोक्याला लावायची बॅटरी घेतली, त्यामुळं दोन्ही हात मोकळे राहतात आणि खोरं मारताना पायाखालचं दिसतं. मोबाईलच्या टॉर्चवर दारं धरू नका, एक हात त्यातच अडकतो. बांधावरचं गवत, पाटाच्या कडेचा पाला, पाईपांचा ढीग, इथं हात घालायच्या आधी काठीनं हलवायचं.

आता दुसरी गोष्ट लाईटची, आणि हीसुद्धा रात्रीच्या पाण्याचीच आहे.

ओल्या हातानं, अनवाणी, अंधारात स्टार्टरचं बटण दाबणं हे आपल्या सगळ्यांच्या अंगवळणी पडलंय. पत्र्याची पेटी, तिच्यात पाणी गेलेलं, वायर कुठंतरी खरचटलेली, आणि अर्थिंग वीस वर्षांपूर्वी वडिलांनी केलेलं. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घालून उन्हाळ्यात त्यात पाणी ओतायचं असतं हे कितीजण करतात? आम्ही करत नव्हतो. आता वायरमन बोलवून अर्थिंग नवीन केलं, करंट गळाला की आपोआप तोडणारा ब्रेकर बसवला, पेटीखाली कोरडी फळी आणि त्यावर रबराची चटई टाकली. खर्च झाला, पण जिवापुढं काहीच नाही.

ऑटो स्विच आणि मोबाईल स्टार्टर यांच्याबद्दल मला जरा जास्त बोलायचंय कारण सोय म्हणून घेतलेल्या या गोष्टीत मोठा धोका आहे. लाईट गेली म्हणून माणूस विहिरीत उतरतो, फुटबॉलला, म्हणजे पाण्यातल्या पाईपच्या टोकाच्या व्हॉल्व्हला अडकलेला कचरा काढतो, नाहीतर मोटारीची जोडणी उघडतो, आणि तेवढ्यात लाईट येते आणि ऑटोवर मोटर सुरू होते. मोबाईल स्टार्टर असेल तर घरी बसलेला भाऊ लाईट आलेली बघून फोन लावून मोटर चालू करतो, त्याला काय माहीत खाली कोण आहे. आमच्याकडं आता नियम आहे, मोटरला हात लावायच्या आधी मेन स्विच पाडायचा, तिन्ही फ्यूज काढून स्वतःच्या खिशात टाकायचे, आणि घरी फोन करून सांगायचं की मी विहिरीवर आहे. फ्यूज ज्याच्या खिशात, तोच मोटर चालू करणार. डीपीवरचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचा फ्यूज उडाला तर रात्री पाणी बंद ठेवतो. डीपीला हात लावत नाही. एक रात्र पाणी नाही मिळालं तर कांदा मरत नाही, मागं पडतो एवढंच.

कोणाला करंट लागलेला दिसला तर धावत जाऊन पकडू नका, आईबाप असले तरी. आधी मेन बंद, ते जमलं नाही तर कोरड्या लाकडानं वायर बाजूला, मग हात लावा. एकाला सोडवायला गेलेला दुसराही गेला असं आपल्या पट्ट्यात सगळ्यांनी ऐकलंय.

बिबट्याचं तर आमच्या तालुक्यात कोणाला सांगायला नको. उसाच्या कडेनं रात्री एकट्यानं जायचं नाही, मोबाईलवर गाणी मोठ्यानं लावून चालायचं, आणि दारं मोडताना वाकून फार वेळ राहायचं नाही, वाकलेला माणूस त्याला लहान जनावरासारखा दिसतो.

एक कागदपत्राचं. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजनेत सर्पदंश, विजेचा शॉक, वीज पडणं, रस्त्यावरचा अपघात असं सगळं येतं, माणूस गेला तर घरच्यांना 2 लाख, अपंगत्व आलं तर प्रमाणाप्रमाणे. खातेदाराबरोबर घरातला अजून एकजण धरतात, फक्त अर्ज 30 दिवसांच्या आत तालुका कृषी कार्यालयात द्यावा लागतो. दुःखात महिना कसा निघून जातो कळत नाही, म्हणून शेजाऱ्यांनी, भावकीनं हे लक्षात ठेवून त्यांच्यासाठी पळापळ करावी.

खरं तर रात्री पाणीच भरायला लागू नये. सौर कृषी वाहिनीची योजना 2017 पासून आहे, जिथं सुरू झालीय तिथले पाहुणे सांगतात दिवसा पाणी भरून संध्याकाळी घरी असतो. आमच्या फिडरचा, म्हणजे आमच्या भागाला लाईट देणाऱ्या लाईनचा नंबर कधी लागतोय बघू, ग्रामसभेत दोनदा विषय मांडलाय, तिसऱ्यांदाही मांडणार.

आज रात्री भावाबरोबर मी जातोय. डोक्याच्या दोन्ही बॅटऱ्या चार्जिंगला लावल्यात, आणि आरोग्य केंद्राचा नंबर काकूनं खडूनं दाराच्या मागं लिहून ठेवलाय.