नाताळात ब्रसेल्स: चॉकलेट निवडावं तर असं

आम्ही वसईचे ख्रिस्ती. डिसेंबर उजाडला की घरात कुलकुल, नेवऱ्या, मिल्क क्रीम, मार्झिपान सुरू होतं, दारावर चांदणी लागते, मुलं येशूजन्माचा गोठा बनवायच्या मागे लागतात आणि 25 तारखेला शेजारीपाजारी ताटं जातात. हल्ली त्या ताटात होममेड चॉकलेटंही असतात, बाजारातून कंपाउंड चॉकलेटची लादी आणायची, वितळवायची, साच्यात ओतायची आणि रंगीत फॉइलमधे गुंडाळायची. मलाही ती आवडतात, लहानपणापासून खात आलेय. पण चॉकलेट हाच नाताळचा मुख्य पदार्थ असू शकतो आणि कुणाला काय द्यायचं ते एकेक तुकडा निवडून ठरवता येतं, हे मी ब्रसेल्सला बघितलं आणि तेव्हापासून भेटेल त्याला सांगत सुटलेय.

झालं असं की माझ्या मामेबहिणीला, म्हणजे ताईला, तिकडे बाळ झालं आणि मामीसोबत कुणीतरी जायला हवं होतं. मला सुट्टी मिळत होती, व्हिसा झाला, निघालो. नोव्हेंबरच्या शेवटी पोचलो तेव्हा थंडी तर होतीच पण त्याहून जास्त जाणवला तो अंधार, संध्याकाळी साडेचार-पाचलाच रस्त्यावरचे दिवे लागलेले, पाऊस बारीक बारीक चालूच, आणि त्या सगळ्यात उबदार उजेड कुठे दिसला तर बेकरीच्या आणि चॉकलेटच्या दुकानांच्या काचेत.

आणि त्या काचेत कोण उभा? बिशप! डोक्यावर ती उंच टोपी, हातात वळलेली काठी, लांब दाढी, सगळा चॉकलेटचा. बोटाएवढ्यापासून गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत. मामी थबकलीच, म्हणाली अगं हा तर आपल्याकडे पाहुण्या बिशपांची मिरवणूक निघते तसा नटलाय. ताईने मग सांगितलं की हा सांता नाही, हा संत निकोलस, चौथ्या शतकातला मायरा नावाच्या गावचा बिशप, ते गाव आता तुर्कस्तानात येतं. बेल्जियममधे मुलांचा मोठा दिवस 6 डिसेंबर, त्याचा सण. 5 तारखेच्या रात्री मुलं आपला बूट ठेवतात, त्याच्या गाढवासाठी किंवा घोड्यासाठी गाजर ठेवतात, आणि सकाळी बघावं तर तिथे चॉकलेटचा बिशप, स्पेक्युलॉसची मसालेदार बिस्किटं, संत्र्यासारखी छोटी मँडरिन आणि सोनेरी कागदातली चॉकलेटची नाणी. त्या नाण्यांमागे गोष्ट आहे, एका गरीब बापाच्या तीन मुली, हुंड्याला पैसे नाहीत, निकोलसने रात्री गुपचूप त्यांच्या घरात सोन्याच्या थैल्या टाकल्या. ही गोष्ट आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकलेली, पण त्या सोन्याचं चॉकलेट झालं आणि ते पोरांच्या बुटात पडतं हे बघून मला फार म्हणजे फार आवडलं. हुंड्याची गोष्ट आपल्याकडच्या माणसाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

6 तारीख उलटली की काचेतले बिशप कमी होतात आणि त्यांच्या जागी लाल कोटवाला येतो, चॉकलेटची झाडं, चांदण्या, घंटा येतात. मोठ्यांचं चॉकलेट खरं तेव्हा सुरू होतं.

ग्रां प्लास हा तिथला जुना मुख्य चौक, चारी बाजूंनी सोनेरी नक्षीच्या इमारती, मधोमध मोठं ख्रिसमस ट्री, जवळच गोठा, रात्री इमारतींवर दिवे आणि संगीताचा कार्यक्रम. सुंदर आहे, गर्दीही तशीच. तिथून दोन-तीन मिनिटं चाललं की काचेच्या छताची एक लांब गॅलरी लागते, सँ हुबेर, 1847 साली उघडलेली. पाऊस असो वा काही असो, आत कोरडं, वर काच, दोन्हीकडे दुकानं. तिच्या एका भागाचं नाव राणीची गॅलरी, आणि तिथे नॉयहाऊसचं मूळ दुकान आहे. 1857 मधे जाँ नॉयहाऊस नावाच्या मूळच्या स्विस माणसाने इथे औषधाचं दुकान टाकलं होतं. कडू औषध लोकांना नकोसं वाटायचं म्हणून तो त्यावर चॉकलेटचा थर द्यायचा. पुढे त्याच्या नातवाने 1912 मधे औषधाच्या जागी गोड सारण घातलं आणि बेल्जियमची प्रालीन जन्माला आली. बाहेर चॉकलेटचं पातळ कवच, आत मऊ सारण, म्हणजे आमच्या नेवरीचंच तत्त्व म्हणा ना.

पण मला या घराण्यात सगळ्यात आवडली ती नातसून, लुईज आगोस्तिनी. प्रालीन तेव्हा कागदाच्या कोनात भरून द्यायचे, आणि मऊ सारणाची नाजूक चॉकलेटं खाली दबून फुटायची. तिने 1915 मधे एक पुठ्ठ्याचा डबा तयार केला, बूड सपाट, वर रुंद होत जाणारा, झाकणाच्या पट्ट्या आत दुमडायच्या, त्यात थरावर थर नीट बसतात. त्याला बालोतां म्हणतात. आज बेल्जियममधे कुठल्याही चॉकलेटच्या दुकानात जा, तुम्हाला तोच आकार मिळेल, शंभर वर्षं उलटून गेली तरी. नाताळात त्यावर रिबन येते, एक फांदी किंवा छोटी घंटा येते, पण डबा तिचाच.

आता निवडायची पद्धत सांगते कारण मला लिहायचं होतं ते हेच. रेडीमेड डबे असतात, ते घेऊ नका. काउंटरवर जा, वजन सांगा, 250 ग्रॅम, 500 ग्रॅम, 1 किलो जे असेल ते, मग काउंटरमागची बाई हातमोजे घालते, रिकामा डबा उघडते आणि तुमच्याकडे बघते. तुम्ही बोट दाखवायचं, ती एकेक उचलून रचते. पाव किलोत साधारण वीसेक बसतात. मागे रांग असली तरी ती घाई करत नाही, आणि रांगेतले लोकही करत नाहीत कारण प्रत्येकाला तेच करायचं असतं.

मामीने आधी डोळे फिरवले, म्हणाली पाच माणसांना पाच डबे, सगळे सारखे भर आणि चल. मग ताई म्हणाली आई, तसं नाही करत इथे, एका वेळी एक माणूस डोळ्यासमोर आण. आणि मामीला ते एकदम पटलं. मग काय, काउंटरसमोर मराठीत चर्चा सुरू. "आजीला दात नाहीत, तिला मऊ दे." म्हणून आजीच्या डब्यात गनाश, म्हणजे क्रीम आणि चॉकलेट घोटून केलेलं मऊ सारण, आणि मानोन, म्हणजे वर पांढरं चॉकलेट आणि आत कॉफीचं क्रीम. "तुझ्या पप्पांना कडू चालतं." त्यांना गडद चॉकलेट, आणि ऑरांजेत, म्हणजे साखरेत मुरवलेल्या संत्र्याच्या सालीच्या लांब काड्या, अर्ध्या चॉकलेटमधे बुडवलेल्या. "धाकट्याला कुरकुरीत लागतं." त्याला प्रालिने, भाजलेल्या हेझलनट आणि साखरेची वाटून केलेली भरड. दारू घातलेली कुणाची ते आम्ही मराठीत हळूच ठरवलं. आणि ती बाई, भाषेचा गंध नसताना, मामीच्या हातवाऱ्यांवरून समजून घेऊन मधेच एखादं चॉकलेट पुढे करायची, हे बघा, हे मऊ आहे. एक चव बघायलाही दिली. मामी नंतर ट्राममधे डबे मांडीवर घेऊन बसली होती, कुठला कुणाचा ते तिला रिबनच्या रंगावरून पाठ होतं.

सगळी खरेदी नॉयहाऊसलाच करायची असं काही नाही हं. साब्लाँ चौकात वितामेर आहे, 1910 पासूनचं, तिथेच मार्कोलिनी आहे, त्याचं काम आधुनिक, छोटे चौकोनी तुकडे आणि चव एकदम थेट. लेओनिदास स्वस्तातलं, स्थानिक लोक ऑफिसात वाटायला तिथूनच किलोने नेतात, आणि मला विचाराल तर त्यांचं मानोन कुणापेक्षा कमी नाही.

एका छोट्या दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांचं काम काचेतून दिसायचं, तिथे मी किती वेळ उभी राहिले काही विचारू नका. संगमरवरी ओट्यावर वितळलेलं चॉकलेट ओतलं, पात्याने पसरवलं, गोळा केलं, परत पसरवलं. याला टेंपरिंग म्हणतात. गडद चॉकलेट 45 अंशांच्या आसपास वितळवायचं, साधारण 28 पर्यंत थंड करायचं आणि पुन्हा 31-32 वर आणायचं, की कोको बटरचे कण योग्य रीतीने जुळतात, मग चॉकलेटला चकाकी येते आणि तोडलं की कट्ट आवाज येतो. मग साचा काठोकाठ भरला, टकटक आपटून बुडबुडे काढले, आणि पूर्ण उलटा केला! सगळं चॉकलेट खाली ओघळलं, भिंतींना चिकटलेला पातळ थर तेवढा उरला. तेच कवच. त्यात सारण, वरून पुन्हा चॉकलेट, पात्याने सपाट, थंड झालं की साचा पालथा करून एक ठोका आणि चोवीसच्या चोवीस प्रालीन ओट्यावर. आपल्या कंपाउंडमधे कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती तेल असतं म्हणून त्याला हे सगळं सोपस्कार लागत नाहीत, आणि म्हणूनच ते तोंडात टाळ्याला चिकटल्यासारखं लागतं. कोको बटर 34 अंशांच्या आसपास वितळतं, अंगाच्या उष्णतेहून थोडं खाली, त्यामुळे खरं चॉकलेट जिभेवर ठेवलं की आपणहून जातं.

ख्रिसमस मार्केट सेंट कॅथरीन चर्चच्या बाजूला आहे, पाळणा आहे, लाकडी टपऱ्या आहेत, चॉकलेटमधे बुडवलेल्या स्ट्रॉबेरीच्या काड्या मिळतात. एक चक्कर मारा, हॉट चॉकलेट मात्र तिथे पिऊ नका, एखाद्या कॅफेत बसा. कॅफेत बऱ्याच ठिकाणी गरम दूध वेगळं आणि चॉकलेटचे तुकडे वेगळे आणून देतात, आपण घालायचे, ढवळायचे, आपल्याला हवं तेवढं दाट करायचं.

आणि नाताळच्या सकाळी त्या हॉट चॉकलेटसोबत काय खातात तर कुन्यू. बटर-अंडं घातलेला मऊ पाव, दोन्ही टोकांना गोल आणि मधे फुगीर, दुपट्यात गुंडाळलेल्या बाळ येशूचा आकार. काहींत बेदाणे, काहींत साखरेचे खडे, काहींत चॉकलेटचे बारीक तुकडे. आदल्या रात्री मिडनाईट मास फ्रेंचमधे ऐकून आलो होतो, शब्द कळले नाहीत पण कधी उभं राहायचं कधी गुडघे टेकायचे ते सगळं आपलंच. सकाळी उशिरा उठलो, ताईचं बाळ मामीच्या मांडीवर तसंच गुंडाळलेलं, आणि टेबलावर कुन्यू. मामी म्हणाली मी नाही कापणार. ताईच्या नवऱ्याने कापला मग, आणि मामीने दोन तुकडे खाल्ले, चॉकलेटमधे बुडवून. जेवणानंतर ब्यूश द नोएल, चॉकलेट क्रीम लावलेला गुंडाळी केक, वरून काट्याने रेघा ओढून झाडाच्या ओंडक्यासारखा केलेला. पूर्वी या दिवसांत चुलीत एक मोठा ओंडका जाळायची रीत होती, तिची ही आठवण. हा केक आधी ऑर्डर द्यावा लागतो, 24 तारखेला दुकानाबाहेर डबे न्यायला रांगा असतात.

एक गोष्ट मनात आली ती लिहिल्याशिवाय राहवत नाही. कोको काही बेल्जियममधे पिकत नाही. काँगो 1885 पासून राजा लिओपोल्ड दुसरा याची खाजगी मालमत्ता होता, 1908 पासून 1960 पर्यंत बेल्जियमची वसाहत, आणि तिथल्या माणसांवर रबरासाठी जे अत्याचार झाले ते वाचवत नाहीत. आज जगातला सगळ्यात जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घानातून येतो, आणि शेतकऱ्याच्या हाती फार थोडं पडतं. म्हणून घेताना कोको कुठून आलाय हे मी विचारते. चांगले दुकानदार सांगतात, आणि अभिमानाने सांगतात.

आणायचं कसं ते सांगते. ताज्या क्रीमची प्रालीन दोन-तीन आठवडेच टिकतात, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी घ्या आणि तारीख विचारा. फ्रीजमधे ठेवू नका, वास लागतो आणि वर पांढरट पडतं, 15 ते 18 अंश योग्य. डबे केबिन बॅगेत घ्या, पण चॉकलेटचं स्प्रेड चेक-इनमधे टाका कारण सिक्युरिटीला ते द्रव पदार्थात धरतात. आमचे डबे वसईला अगदी नीट पोचले, डिसेंबरअखेरची हवा होती, एकही फुटलं नव्हतं. मामीने ताटात ठेवले नाहीत, स्वतः घरोघरी जाऊन हातात दिले, आणि प्रत्येकाला हे तुझ्यासाठी का घेतलं ते सांगितलं. आजीने डबा कुणाला दाखवलासुद्धा नाही.

यंदा मी क्रॉफर्ड मार्केटमधून कंपाउंडऐवजी कोको बटरवालं कुव्हर्चर आणलंय, थर्मामीटरही घेतलाय. गनाशमधे साध्या क्रीमऐवजी नारळाचं दाट दूध घालून बघायचा विचार आहे, आणि पप्पांच्या काड्यांसाठी नागपुरी संत्र्यांच्या साली साखरेत मुरत ठेवल्यात. वसईच्या दमट हवेत टेंपरिंग कसं जमवायचं हे कुणी केलं असेल तर कृपया सांगा, 24 तारखेच्या आत.