रस्त्यातली खुर्ची

अमेरिकेतल्या पिट्सबर्गमधल्या आमच्या पहिल्या हिवाळ्यात, रात्रभर बर्फ पडून गेल्यावर सकाळी बाहेर आलो, तर रस्त्याच्या कडेला दोन मोटारींच्या मधल्या मोकळ्या जागेत स्वयंपाकघरातली एक जुनी खुर्ची उभी होती. कुणीतरी टाकून दिली असावी अशा समजुतीने मी ती बाजूला ठेवू लागलो, तोच समोरच्या घराच्या ओट्यावरून एका आजीबाईंनी खणखणीत आवाजात मला अडवले. ज्याने फावड्याने बर्फ उपसून ती जागा मोकळी केली, तो संध्याकाळी परत येईपर्यंत ती त्याचीच, आणि खुर्ची म्हणजे त्याचा सातबारा, हा गावचा रिवाज त्यांनी मला समजावून सांगितला. बोलताना त्या मला आणि माझ्या पत्नीला मिळून ‘यिन्झ’ म्हणत होत्या. इंग्रजीत एकाला आणि अनेकांना एकच ‘यू’ वापरावे लागते, ही अडचण या गावाने आपल्यापुरती सोडवलेली पाहून ‘तुम्ही’वर वाढलेल्या माणसाला बरे वाटले.

या खुर्चीला कायद्याचा कसलाही आधार नाही, तरी तिला सहसा कुणी हात लावत नाही. तिचे मूळ जमिनीत आहे. अ‍ॅलेगेनी आणि मोनोंगाहेला या दोन नद्या जिथे मिळतात आणि ओहायो नदी होऊन पुढे जातात, तिथे हे शहर वसले. नदीकाठची सपाटी पोलाद गिरण्यांनी आणि रेल्वेने व्यापली, तेव्हा कामगारांनी टेकड्यांच्या उतारांवर एकमेकांना खेटून घरे बांधली. मोटारी त्यानंतर आल्या, आणि त्या ठेवायला अरुंद रस्त्याखेरीज जागाच उरली नव्हती. पिट्सबर्गच्या गमतीजमती सांगणारे लोक पुष्कळ भेटतात. मला मात्र त्यांतल्या बहुतेक एकाच टंचाईतून, सपाट जागेच्या टंचाईतून, निघालेल्या दिसतात.

पायऱ्यांचेच पाहा. शहरात सातशेहून अधिक सार्वजनिक जिने आहेत आणि त्यांतले कितीतरी कागदोपत्री रस्ते आहेत: त्यांना रस्त्याचे नाव आहे, नावाची पाटी आहे, नकाशावर रेघ आहे, आणि प्रत्यक्षात मात्र झाडीतून वर जाणारा काँक्रीटचा जिना आहे. एका रविवारी नकाशावर विसंबून जवळच्या वाटेने निघालो आणि गाडीचे तोंड थेट पहिल्या पायरीपाशी येऊन थांबले. जिथे जिना केला नाही तिथे काय होते, ते बीचव्ह्यू भागातल्या कँटन अ‍ॅव्हेन्यूवर दिसते. तिचा चढ ३७ टक्के, म्हणजे शंभर फूट पुढे जाताना सदतीस फूट वर. एवढा खडा तुकडा लहानसाच आहे. पण खाली उभे राहून पाहिले की तो रस्ता भिंतीसारखा दिसतो.

गिरणीतून दमून आलेल्या माणसाने रोज टेकडी किती चढायची, म्हणून उतारावर रूळ टाकून दोरखंडाने ओढले जाणारे डबे आले. एक डबा खाली येतो, त्याच्या वजनाचा आधार घेऊन दुसरा वर जातो, अशी ती विहिरीच्या रहाटासारखी सोय. १८७० मध्ये सुरू झालेला मोनोंगाहेला आणि १८७७ मधला डुकेन, असे दोनच मार्ग आता उरले आहेत. पर्यटक त्यांतून छायाचित्रे काढत जातात, आणि शेजारी कुणी कामावरून परतणारा पिशवी मांडीवर घेऊन पेंगत असतो. ते दृश्य मला शहराच्या रोषणाईपेक्षा अधिक आवडते.

पूल ४४६ आहेत, व्हेनिसपेक्षाही जास्त, असे येथील लोक अभिमानाने सांगतात. व्हेनिसकरांना या स्पर्धेची वार्ता असेल असे वाटत नाही. मला त्यांतला फोर्ट डुकेन पूल प्रिय आहे. त्याचा मुख्य भाग १९६३ मध्ये पूर्ण झाला, पण पलीकडे उतरणारा रस्ताच नसल्याने १९६९ पर्यंत तो हवेत लोंबकळत राहिला. १९६४ च्या डिसेंबरात एका विद्यार्थ्याने अडथळे ओलांडून गाडी त्याच्या टोकावरून थेट पलीकडच्या काठावर फेकली. गाडी उलटी पडली आणि तो सुखरूप बाहेर आला.

उताराशी संबंध नसलेली एकच गोष्ट राहवत नाही म्हणून सांगतो. भौगोलिक नावांच्या सरकारी मंडळाने १८९१ मध्ये या शहराच्या स्पेलिंगमधले शेवटचे ‘एच’ हे अक्षर काढून टाकले, आणि गावाने नेट लावून १९११ मध्ये ते परत मिळवले. त्या अक्षराचा उच्चार आधीही होत नव्हता, नंतरही नाही. देवनागरीत ‘पिट्सबर्ग’ लिहिले की वीस वर्षांचा हा सारा तंटा दिसेनासाच होतो.

दुसऱ्या हिवाळ्यात तासभर फावडे मारल्यावर आम्हीही खुर्ची काढली. घडीची प्लास्टिकची वाऱ्याने उडेल, असे आजीबाईंचे मत पडल्यामुळे जेवणाच्या टेबलाची चौथी खुर्ची रस्त्यावर गेली. ती अजून, डिसेंबर ते मार्च, तिथेच ड्युटीवर असते, आणि त्या काळात आमच्याकडे जेवायला आलेल्या चौथ्या माणसाला ट्रंकेवर बसावे लागते.