रिकामटेकडा तुर्रमखान

घरात पोपट आहे म्हटलं की आलेला माणूस चपला काढायच्या आधी विचारतो, ‘बोलतो का हो?’ आमचा बोलत नाही. शिट्टी मारतो, आणि तीही कुकरची. सासूबाईंना शिट्ट्या मोजून गॅस बंद करायची सवय. त्यामुळे आमच्याकडे अधूनमधून वरण कच्चं राहतं आणि त्यावरून उगाच डाळीच्या दुकानदाराचा उद्धार होतो.

हा आहे कॉकेटील. मूळचा ऑस्ट्रेलियाचा. अंग राखाडी, गालावर नारिंगी टिकली आणि डोक्यावर पिवळा तुरा, म्हणून नाव तुर्रमखान. तुरा ताठ उभा राहिला म्हणजे स्वारी दचकली आहे, डोक्याला चिकटला म्हणजे बोट जवळ न्यायचं नाही. इतकं कळलं की अर्धा पोपट कळला.

‘मग साधा हिरवा राघू का नाही पाळला?’ हा दुसरा प्रश्न. इथे नाशकात पंचवटीतल्या जुन्या वाड्यांच्या ओसरीवर राघूचा पिंजरा टांगलेला असायचा, ते लोकांच्या डोळ्यांसमोरून जात नाही. पण आपला राघू हा वन्यजीव. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पकडणं, विकणं, पिंजऱ्यात ठेवणं, सगळंच गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी बाजारात येणारी ती पिल्लं कुठून येतात? ढोलीत हात घालून, पंख फुटायच्या आत काढलेली असतात ती. ‘आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे’ हे म्हणणं मला कधीच पटलेलं नाही. संक्रांतीत मांज्याने कापलेला राघू गच्चीवर पडलेला दिसला, तरी तो ठेवून न घेता वनविभागाच्या 1926 या नंबरवर कळवावं. कॉकेटीलला ही अडचण नाही. आफ्रिकन ग्रे वगैरे परदेशी पोपट पाळायचा असेल तर मात्र 2024च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते.

मखमलाबादच्या बाजूला पेरूच्या बागेत राघूंचा थवा उतरलेला एकदा नीट बघावा. एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायात तुकडा धरायचा, दोन चोची मारायच्या आणि टाकून द्यायचा. पुढचा पेरू. बागवाल्याचा जीव जळतो, आणि तो जळायलाच हवा. पण त्या थव्याचा दिवस कसा जातो ते बघा: शोधणं, सोलणं, कुरतडणं, भांडणं. पोपटाला पोट भरायला वेळ लागतो आणि त्यातच त्याचा दिवस निघतो.

आता तोच पक्षी पिंजऱ्यात घाला आणि वाटी काठोकाठ भरून ठेवा. सकाळी पंधरा मिनिटांत जेवण उरकलं. पुढे काय करायचं? ओरडायचं, गज चावायचे आणि फारच कंटाळा आला की स्वतःचीच पिसं उपटायची. प्रत्येक वेळी कारण कंटाळाच असतं असं नाही, आधी डॉक्टर गाठावा. पण लोक त्याला बोलायला शिकवत बसतात आणि त्याला हवं असतं काम.

म्हणून आम्ही त्याच्या पोटापाण्याला कष्ट लावले. सोललेले दाणे बंद. पेठ-सुरगाण्याकडून नागलीची, म्हणजे नाचणीची, अख्खी कणसं मिळाली की ती पिंजऱ्यात उलटी टांगतो. कोथिंबिरीची जुडी ओली करून अडकवली की आधी तिच्यात आंघोळ होते, मग जेवण. बसायला पाइप नाही, पेरूची वेडीवाकडी फांदी, म्हणजे पायाला कुठे जाड कुठे बारीक लागतं. चोच घासायला समुद्रफेस. हिरवी मिरची तो मिटक्या मारत खातो. पक्ष्यांना तिखट लागतच नाही, हे पाहुण्यांना पटवणं अवघड. अॅव्होकॅडो आणि चॉकलेट मात्र विष. नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याची वाफसुद्धा जिवावर बेतते, म्हणून आमच्याकडे पुन्हा बिडाचा तवा आला. डोसे चांगले होतात, तो भाग वेगळा.

रात्री मिणमिणता दिवा लागतो. कॉकेटील अंधारात दचकला की पिंजराभर फडफडतो आणि पंख मोडून घेतो. दिवाळीच्या आठवड्यात मी तर पिंजऱ्याशेजारीच झोपते.

पण खरं खातं सांभाळलंय ते सासऱ्यांनी. अण्णांचं रविवार कारंज्याला किराणा दुकान होतं. ते बंद केल्यापासून सकाळचा पेपर संपला की त्यांना दिवस खायला उठायचा. एकदा सहज म्हटलं, कागदाच्या पुड्या करून त्यात बाजरी बांधा, तो फोडून खाईल. आता जुन्या वह्यांची पानं घेऊन ते ओट्याशेजारी बसतात. शंकू वळायचा, तळ दाबायचा, तोंडाची एक घडी आत, एक बाहेर. हात अजून तसाच चालतो. तुर्रमखान गजाला चिकटून, मान वाकडी करून बघत राहतो.

वाद फक्त दोऱ्यावरून. दोरा पक्ष्याच्या पायात अडकतो, तेव्हा बांधायचा नाही, असं मी निक्षून सांगितलंय. बिनदोऱ्याची पुडी म्हणजे अण्णांना धंद्याचा अपमान वाटतो. ‘गिऱ्हाइकाच्या हातात अशी दिली असती तर वाटेत सांडली असती गं,’ म्हणतात. मग घडी आणखी घट्ट घालतात. त्यांना वाटतं, आजची काही सुटत नाही. तुर्रमखान चोचीने एक कोपरा धरतो, टर्रकन फाडतो, बाजरी पिंजराभर उधळतो आणि वर कुकरची शिट्टी मारतो.

सासूबाई आतून ओरडतात, ‘दोन झाल्या का तीन?’